‘घरचं’ म्हणून शून्य

“मॅडम, पाच वाजता एचआरला हो की नाही कळवायचंय.” जावेद खुर्चीवर टेकेचना. घड्याळात सव्वाचार.

सावेडीत माझं टॅक्स कन्सल्टन्सीचं ऑफिस आहे. जावेद जुना क्लायंट. मूळचा तिसगावचा, इथल्या एमआयडीसीत क्वालिटी इंजिनिअर. पुण्यातून दीडपट पॅकेजची ऑफर आली होती.

“धा वर्षं एकाच शेडमध्ये काढली. आता बाहेर पडायचंच हाय.”

“आधी बस. तुझ्या येरझाऱ्यांनी मलाच गरगरतंय.”

ऑफर लेटरवर सीटीसी होता. म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा सगळा खर्च. त्यात कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी, मिळाला तर मिळाला असा बोनसही धरतात. ते वजा केलं, तेव्हाच पगार बराच आटला. शिवाय आजवर सवलतीमुळे त्याला टॅक्स शून्य होता, नव्या पगारावर तो लागणार होता.

“तरी परवडतंय,” म्हणत त्याने स्वतःची खर्चाची यादी पुढे केली. महिन्याचा खर्च इतका कमी? मला खरंच वाटेना.

“भाड्यापुढे शून्य?”

“फ्लॅट भावाचा. घरचंच हाय.”

“गहू, बाजरी, दूध?”

“तिसगावहून येतं. घरचं.”

“तू आणि बायको नोकरीला गेल्यावर पोरीला कोण बघतं?”

“अम्मी.” तो थांबला. “घरचंच की.”

“पुण्याला येतील त्या?”

“छे. शनिवारी गावाला गेल्याशिवाय तिला करमत न्हाई.”

मी तोंडावर बोलले, “मग पुण्यात घरचं काय आहे तुझं?”

भाडं, किराणा, पाळणाघर असे पुण्याचे आकडे मी भरले. महिनाअखेरीस आजच्यापेक्षा कमी उरत होतं. त्याचा चेहरा पाहवेना. हा आकडा काढायला मीच हवी होते का, असं वाटून गेलं.

पाचला दहा कमी असताना त्याने स्पीकरवर एचआरला फोन लावला. निदान भाड्याचं आणि पाळणाघराचं बघा, म्हणाला.

पलीकडून उत्तर आलं, “सर, ते पॅकेजमध्ये बसत नाही.”

“मग मीपण बसत नाही,” म्हणून त्याने फोन ठेवला. बराच वेळ हातातला मोबाईल नुसता फिरवत राहिला.

जाताना दारात म्हणाला, “अम्मीपुढं शून्य लिवलं हुतं मी. तिला सांगू नका.”

तेव्हापासून नोकरी बदलायचा हिशेब घेऊन कुणी आलं, की मी आधी ‘घरचं’ म्हणून शून्य लिहिलेल्या ओळी भरायला लावते. परवा सहज स्वतःचा मांडला. ऑफिस सासऱ्यांच्या जागेत. भाड्यापुढे इतकी वर्षं मीही शून्यच लिहीत आले होते.