आलेल्यांचा आकडा
गुळाच्या चहाचा वास आला की खर्ड्याचं आमचं पत्र्याचं घर आठवतं. दूध परवडत नसे, तरी आलेल्या माणसाला आई कोरा चहा पाजल्याशिवाय सोडायची नाही. घरातला मी पहिला ग्रॅज्युएट. नगरच्या सायबर कॅफेत मी गावाचं वेबपेज केलं, त्यावर घराचा फोटो टाकला आणि आईला मुद्दाम दाखवायला नेलं. खाली पान बघून गेलेल्यांचा आकडा होता. तो काय आहे हे सांगताच ती म्हणाली, "एवढी मानसं दारात येऊन गेली आन एकालाबी च्या न्हाई? कोन हुती रं?" "ते कळत न्हाई, आई. नुसता आकडा वाढतो." "मग परत आली तर वळखायची कशी?" आज वेबसाइटवर कोण कुठून आलं हे बघणं हीच माझी नोकरी आहे. आई, तू हवी होतीस गं; परत आलेला पाहुणा आता मला ओळखता येतो.