हेंकरावांना काढायचं कुणी?

ड्रायरमधून मोजे काढले की एक तरी मोजा जोडीशिवाय निघतोच. तो घालता येत नाही आणि टाकवतही नाही, मग एका पिशवीत जाऊन पडतो. आमच्या क्लबच्या किट रूममध्ये अशी एक पिशवी होती, आणि दुसरी माझ्या डोक्यात आहे. तिच्यातले सगळे मोजे म्हणजे आमच्या कोचच्या, हेंकरावांच्या, सुट्या गोष्टी.

एटोबिकोमधल्या एका फुटबॉल क्लबचे कपडे मी बरीच वर्षं धुतले. पगार नव्हता. पण किट रूमची किल्ली माझ्या कमरेला होती, आणि जिच्या कमरेला किल्ली तिचं राज्य, हे कोल्हापुरात काय नि कॅनडात काय, सारखंच! इथे ह्या खेळाला सॉकर म्हणतात. म्हणू देत. मी फुटबॉलच म्हणणार.

मी सातवी शिकलेली बाई. इंग्रजी शिकले टीव्हीवरच्या आइस हॉकीच्या कॉमेंटरीतून, त्यामुळे माझ्या इंग्रजीला जरा मारामारीचा वास येतो. पण फुटबॉल मला कुणी शिकवायचा नाही. आमच्याकडे तालमी-तालमींचे संघ. पेठेची मॅच असली की चुलीवर दूध उतू गेलं तरी कुणी बघत नाही. पोरीबाळींनी मैदानावर जायचं नसतं, असं घरात म्हणत. मी गेले. वडिलांनी एक थोबाडीत दिली. पुढच्या मॅचला परत गेले.

* * *

हेंकराव कोचच्या जागेसाठी मुलाखतीला आले त्या दिवशी मी कॉफी घेऊन आत गेले होते. डच माणूस, साठीला टेकलेला, ताडमाड उंच, एका गुडघ्यात अधू. कमिटी त्यांना व्हिजन, मिशन असलं काहीतरी विचारत होती. मी कप ठेवता ठेवता विचारलं, "किती ठिकाणांहून काढलंय तुम्हाला?"

आमचा प्रेसिडेंट ग्रेग खोकायला लागला. घरं विकायचा धंदा त्याचा, त्यामुळे भिंतीला ओल असली तरी 'कॅरेक्टर आहे' म्हणायची सवय.

हेंकराव म्हणाले, "पाच."

"का?"

"खरं बोललो म्हणून."

"पाचही ठिकाणी?"

"काही ठिकाणी दोनदा बोललो."

ग्रेगला दुसरा कुणी मिळत नव्हता म्हणून नोकरी मिळाली. पुढे हळूहळू सगळी हकिगत कळली. हॉलंडमध्ये एकाच क्लबात पोरवयापासून गुडघा जाईपर्यंत खेळले, मैदानाच्या मधोमध. ती जागा अशी की चारी बाजूंनी मार बसतो आणि फोटो मात्र गोल मारणाऱ्याचा येतो. मग मॅनेजर, म्हणजे टीमचे मुख्य कोच झाले. तिकडे मासेमारीच्या गावातल्या एका क्लबाने काढलं, मग बेल्जियमच्या हद्दीवरच्या दोन क्लबांनी. इकडे कॅनडात आल्यावर सरे शहरात झालं तेच, रेजिनामध्ये पहिला बर्फ पडायच्या आत झालं. दर वेळी सीझन संपायच्या आधी गाशा गुंडाळायचा.

"आक्का," ते मला म्हणाले (हा शब्द मीच शिकवला होता), "मॅनेजर म्हणून मी सीझनची शेवटची मॅच कधी पाहिलेली नाही. एकदा बेंचवर बसून ती शिट्टी ऐकायचीय. मग जिंकू नाहीतर हरू."

"ऐकाल, हेंकराव," मी म्हटलं. "मी शब्द देते."

आमच्याकडे शब्द दिला म्हणजे दिला. मग जगाला काय करायचं ते करू दे.

* * *

इथे पोराने आपल्याच गोलमध्ये बॉल मारला तरी 'गुड ट्राय, बडी' म्हणायची पद्धत. आमचा कॅप्टन मार्को ह्यातच वाढलेला. दिवसा प्लंबर, शनिवारी कॅप्टन. पहिली मॅच संपल्यावर त्याने हसत हसत विचारलं, "कोच, कसा खेळलो?"

"वाईट," हेंकराव म्हणाले आणि शूजची लेस सोडायला वाकले.

मार्को वॉशरूममध्ये गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही. ग्रेगने हेंकरावांना बाजूला घेऊन समजावलं की असं थेट बोलायचं नसतं. सँडविच करायचं. आधी एक कौतुक, मधे टीका, वरून पुन्हा एक कौतुक. हेंकरावांनी मन लावून ऐकून घेतलं.

पुढच्या शनिवारी मार्कोसमोर उभे राहिले. "मार्को, तुझे बूट छान आहेत. तू आज वाईट खेळलास. बूट खरंच छान आहेत."

त्यानंतर ग्रेगने सँडविचचं नाव काढलं नाही. पण पुढचं ऐका. उन्हाळ्यात एकदा मॅच संपल्यावर हेंकराव जाता जाता "आज चांगला" एवढंच बोलले. मार्कोने पार्किंग लॉटमध्ये उभं राहून आईला फोन लावला. पस्तिशीचा बाप्या! आई त्याच संध्याकाळी लझान्याचा ट्रे घेऊन क्लबात हजर. गोडबोल्याने केलेलं कौतुक कुणी घरी नेत नाही.

* * *

आमच्यात एक पुणेकर होता, सुमित. आयटीतला, चांगला पोरगा, लेफ्ट बॅक खेळायचा. पण चूक कबूल करायची म्हटलं की त्याला घाम फुटायचा. एकदा त्याच्या बाजूने गोल झाला. हाफ टाइमला त्याने पाण्याच्या बाटल्या मांडून सगळ्यांना समजावून दिलं की तो गोल सेंटर बॅकमुळे, वाऱ्यामुळे आणि रेफरीमुळे कसा झाला. मांडणी एकदम चोख.

हेंकरावांनी सगळं ऐकलं. "गोल झाला तेव्हा तू कुठे होतास?"

"मी तिथे नव्हतोच, कोच."

"तेच."

सुमित मला म्हणाला, "आजी, हा माणूस पूर्वजन्मी सदाशिव पेठेत होता."

मी म्हटलं, "तिथे असता तर अजून बोलत बसला असता."

* * *

मग एकदा मी त्यांना घरी जेवायला बोलावलं. मटण, तांबडा, पांढरा, सगळं साग्रसंगीत. सुमितही होता. हेंकरावांनी तांबड्याचा एक घोट घेतला, डोळ्यांतून पाणी आलं, पुसलं. मी विचारलं कसा झालाय.

"तिखट फार आहे. मटणाची चव कळत नाही."

सुमितचा घास हातातच राहिला. माझ्या घरात, माझ्या ताटावर बसून, माझ्या रश्श्याला नाव ठेवणारा माणूस आजवर जन्माला आला नव्हता. नवरा हयातभर मुकाट जेवला. चांगलं की वाईट, आता विचारायलाही तो राहिला नाही.

मी पांढरा रस्सा पुढे सरकवला. हेंकरावांनी चाखला, वाटी संपवली, परत पुढे केली. तोंडाने काही बोलले नाहीत. पण ती वाटी मला पटली, कारण हा माणूस भिडेखातर वाटी पुढे करणाऱ्यातला नव्हता.

परतफेड म्हणून त्यांनी मला कॉफीला बोलावलं. डच पद्धत अशी की कॉफीबरोबर एक बिस्किट द्यायचं आणि डब्याचं झाकण लावून टाकायचं. त्यांनी तसंच केलं. मी डबा ओढला, झाकण काढलं, दुसरं बिस्किट घेतलं आणि डबा उघडाच ठेवला.

"आक्का, आमच्याकडे एकच असतं."

"आमच्याकडे डबा संपेपर्यंत असतं. आता सांगा, कुणाचं घर सुधारलेलं?"

त्यांनी स्वतःही दुसरं घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच, म्हणाले.

* * *

खेळताना कसे होते हे आम्ही कुणी पाहिलं नव्हतं. जुलैतल्या एका प्रॅक्टिसला पोरं कमी आली म्हणून ते स्वतः मधे उभे राहिले. मार्कोने मला डोळा मारला, म्हाताऱ्याला जरा नाचवतो म्हणून.

हेंकराव पळालेच नाहीत. गुडघा पळू देत नव्हता. बॉल यायच्या आधी मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, बस. बॉल पायाला लागला की पुढच्याकडे गेलेला असायचा. मार्को पोचायचा तेव्हा तिथे नुसतं गवत. दहा मिनिटांत मार्को गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकायला लागला, आणि हेंकराव आपले भाजी घ्यायला निघाल्यासारखे चालतायत.

मी विचारलं, "हे असं खेळत होता, तर लोकांना नाव माहीत कसं नाही?"

"लोक बॉलकडे बघतात," ते म्हणाले, "आणि बॉल माझ्याकडे कधी राहिला नाही."

* * *

आता स्पॉन्सरची गोष्ट. ह्या गृहस्थांचं कार्पेटचं दुकान. जर्सीवर त्यांचं नाव, म्हणून त्यांचा भाचा टीममध्ये हवा. हेंकरावांनी त्याला दोन शनिवार बघितलं आणि मामांना सांगितलं, "ह्याला फुटबॉल आवडत नाही."

मामा तापले. हेंकराव म्हणाले, "मला कशाला विचारता? त्याला विचारा."

कुणीच कधी विचारलं नव्हतं. भाचा मान खाली घालून म्हणाला की खरंच आवडत नाही, त्याला ड्रम वाजवायचेत. मामांनी ग्रेगला सांगितलं, ह्या डचमनला काढ.

कमिटी डोनटच्या दुकानात बसली होती. मी जाऊन उभी राहिले. म्हटलं, काढायचं तर काढा, माणूस जाईल आणि किल्लीही जाईल. शनिवारी घामाने भिजलेल्या जर्सी तुमच्या तुमच्या डायनिंग टेबलावर येऊन पडतील, ज्याची त्याने धुवावी. ग्रेग म्हणाला, "आक्का, वी हिअर यू." म्हणजे भ्याला. हेंकराव राहिले.

* * *

पण सप्टेंबरच्या क्लब डिनरला कुणीतरी माइकवरून विचारलं की पुढच्या वर्षी टीम सुधारेल का. हेंकराव उठले. "कमिटी हीच राहिली तर नाही," म्हणाले आणि खाली बसून बटाटा कापायला लागले.

आता जर्सीची धमकीही चालेना. कमिटीने काढायचं ठरवलं. ऑक्टोबरमधली शेवटची मॅच, त्याच दिवशी स्पॉन्सर नवा कोच आणून लोकांना दाखवणार होते. म्हणजे मॅच सुरू व्हायच्या आत हेंकरावांना सांगणं आलं, आणि सांगायचं ग्रेगने. त्याने मला फोन केला, शनिवारी त्यांच्याकडून क्लबचं जॅकेट मागून घेशील का म्हणून. मी म्हटलं, "ज्याला काढायचंय त्याने काढावं. मी धुवायला आहे, सोलायला नाही."

शनिवारी हाडं गोठवणारी थंडी. मी पोरांना सगळं सांगून ठेवलं होतं. मार्कोने ग्रेगला पार्किंग लॉटमध्ये अडवून बेसमेंटच्या नळाविषयी विचारायला सुरुवात केली. सुमित दुसऱ्या दाराशी, आणि मी ड्रेसिंग रूमच्या दारात, कमरेवर हात ठेवून. शिट्टी होईपर्यंत ग्रेगला आत सोडायचं नाही. एकदा मॅच सुरू झाली की कोण काढतोय!

हेंकराव आतून आले. "आक्का, दारात का उभी?"

दुसरा कुणी असता तर थाप मारली असती. त्यांच्या तोंडावर नाही मारवली. सांगितलं.

ते जॅकेटची चेन वर ओढून बाहेर निघाले. मी मागे धावले, म्हटलं, अहो, नव्वद मिनिटं फक्त कळ काढा, मी शब्द दिलाय. ते थांबले नाहीत. लोक कॉफीचे कप घेऊन बसले होते, स्पॉन्सर होते, नवा कोच होता. ग्रेगही मार्कोच्या तावडीतून सुटून मैदानाशी आला होता. सगळ्यांसमोर हे त्याच्यापुढे जाऊन उभे.

"ग्रेग, तू मला काढणार आहेस असं कळलं. सांग."

ग्रेग लाल झाला. म्हणाला, थंडी फार पडलीय आज. मग म्हणाला, यू नो, तुम्ही क्लबसाठी इतकं केलंय, वी रिअली अप्रिशिएट. मग गुडघ्याची चौकशी केली.

"काढलं की नाही?"

"आपण नंतर बोलू या का?"

हेंकरावांनी घड्याळात बघितलं. "नंतर म्हणजे मॅचनंतर. चालेल." आणि येऊन बेंचवर बसले.

एक-एक बरोबरी झाली. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा मी बेंचमागेच उभी होते. हेंकराव हलले नाहीत. पोरांनी हात मिळवले, लोक गाड्यांकडे निघाले, स्पॉन्सर आपल्या नव्या कोचला घेऊन गेले. मग ग्राउंड्समन शिडी घेऊन आला आणि हिवाळ्यासाठी गोलची जाळी सोडवायला लागला.

हेंकराव उठून तिकडे गेले. "हे मी कधी पाहिलं नव्हतं," म्हणाले.

जाळी ओली, जड, पानांनी भरलेली. त्यांना घडी जमेना. मी एक टोक धरलं आणि दाखवलं, नऊवारीची घालतात तशी, दोघांनी ताणून धरायची, मग एकमेकांकडे चालत यायचं. पण जाळी लांब, मधे लोंबायला लागली.

तेवढ्यात ग्रेग आला. खिशात हात, मान खाली. "हेंक, मला तुम्हाला सांगायचंय..."

हेंकरावांनी जाळीचा मधला भाग उचलून त्याच्या हातात दिला.

"धर," म्हणाले. "ताण."

ग्रेगने धरली.