अकरा गणपतींचं घर

बाळारामभाऊंना माणसांची नावं लक्षात राहत नसत, पाट राहत. गणपतीच्या दोन-तीन महिने आधी आमच्याकडे जो तो आपल्या घरचा पाट मूर्तीच्या कारखान्यात नेऊन देतो, आणि त्याच पाटावर त्याची मूर्ती बसते. भाऊंच्या हमरापूरच्या कारखान्यात असे शंभरेक पाट यायचे. लोक पाटाखाली नावाची चिठ्ठी चिकटवायचे, पण भाऊ चिठ्ठी वाचायच्या भानगडीत पडत नसत. पाट उलटा करायचे, खालून अंगठा फिरवायचे, की झालं. पुढे सहा महिन्यांनी पेणच्या बाजारात तुम्ही दिसलात की थांबवून विचारायचे, "तुमचा फणसाचा ना? एका कोपऱ्याचा टवका गेलेला?" तुमचं नाव काय, तुम्ही काय करता, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

माझी त्यांची पहिली भेट बँकेत झाली. मी राहणारा रोह्याचा, पेण शाखेत कर्जविभागात नुकताच बदलून आलो होतो. समोरच्या खुर्चीत एक काटकुळा, पांढऱ्या सदऱ्यातला माणूस येऊन बसला. नखांत रंग होता. मी फॉर्म शोधत असताना त्यांनी माझ्या टेबलाखाली हात घातला आणि अंगठा फिरवला.

"सागवान सांगितलंय काय तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"बँकेचं आहे. मला काय ठाऊक?"

"फसवलंय. प्लाय हाय."

त्यांना घराशेजारी मोठी शेड बांधायची होती. मुंबईच्या मंडळांसाठी उंच मूर्ती करायच्या होत्या, तेही प्लास्टरच्या नव्हे, काथ्या घालून शाडूच्या. मी जागा पाहायला गेलो. कौलारू घर, पुढे पडवी, मागे विहीर. बायको काही वर्षांपूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. हंगामात पाच-सहा माणसं हाताखाली असायची, पण डोळ्यांची आखणी भाऊ एकटे करायचे. त्या वेळी ते सगळ्यांना बाहेर काढून आतून कडी लावत. मी गेलो त्या दिवशी मलाही अर्धा तास विहिरीपाशी उभं केलं. बाहेर येऊन म्हणाले, "राग नका मानू. कुणी बघतंय असं समजलं का माझा हात हालतो."

मी विचारलं, की डोळे सगळ्यात शेवटी का काढता? आधी काढले तर काय बिघडतं?

"डोळे उघडले का देव आला. तवर माती. मातीचं काय बी करता येतं, मोडता येते, भिजवता येते. देव आला का मग आपलं काय चालत नाय."

घर आणि शेड तारण धरूनही रक्कम पुरत नव्हती. तेव्हा त्यांचे दाजी मोरेश्वर पुढे आले. धाटावला एका कंपनीत ऑपरेटर, रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात त्यांचं दोन खोल्यांचं स्वतःचं घर. त्या घराचे कागद त्यांनी बँकेत जादा तारण म्हणून ठेवले. सही करताना मोरेश्वर म्हणाले, "साहेब, हे आमच्या घरात कळू नये. रंजनाला कळलं तर मला कंपनीच्या कँटीनातच जेवावं लागंल." रंजना म्हणजे भाऊंची धाकटी बहीण. आम्ही तिघंही हसलो. घर मोरेश्वरांच्या नावावर होतं, बायकोची सही लागत नव्हती. नियमात बसत होतं, म्हणून मी पुढचं पान उलटलं.

पहिली दोन वर्षं हप्ते वेळेवर आले. गणपतीआधी मी माझा पाट रोह्याहून गाडीत घालून न्यायचो आणि मूर्ती घेऊन यायचो. मूर्ती हातात देताना भाऊ दर वेळी एकच वाक्य बोलायचे, "रंग ओला हाय अजून, कानाला हात लावू नका." रंग पंधरा दिवसांपूर्वी वाळलेला असायचा. मी एकदा तसं म्हटलं, तर म्हणाले, "असू द्या. ओला म्हटलं का माणूस नीट धरतो."

मग टाळेबंदी आली. शेडमध्ये तेव्हा अकरा उंच मूर्ती उभ्या होत्या, रंगून तयार, फक्त डोळे राहिलेले. एरवी मंडळाची माणसं येऊन मूर्ती पाहून जात आणि मगच भाऊ आखणीला बसत. त्या वर्षी कुणी येईना, कामाला माणसं नाहीत, बाहेर पडायचं नाही. भाऊंना हात रिकामा ठेवायची सवय नव्हती. त्यांनी शेडची कडी लावली आणि अकराच्या अकरा मूर्तींचे डोळे आखून टाकले. नंतर मंडळांच्या मूर्तींच्या उंचीवर मर्यादा आली आणि त्यांतली एकही मूर्ती कुणी नेली नाही; पुढे मर्यादा उठली तेव्हाही जुन्या मूर्ती कुणी मागितल्या नाहीत.

आजूबाजूच्या शाडूवाल्या कारखानदारांनी काय केलं, तर उंच मूर्ती फोडून माती भिजवली आणि लहान गणपती केले. भाऊंनाही सगळ्यांनी तेच सांगितलं, मीही सांगितलं. ते नुसते मान हलवत. "डोळे उघडल्यावर हातोडी नाय चालवत, साहेब. मीच घाई केली, आता मीच बघेन." त्या अकरा मूर्तींनी शेड भरून गेली होती, त्यामुळे नवीन काम पडवीत मावेल तेवढंच. पडवीत चाळीस मूर्ती मावायच्या आणि हप्ता होता शेडच्या हिशोबाचा. दुसऱ्या वर्षी खातं थकलं, तिसऱ्या वर्षी बुडीतात गेलं. गावात लोक उघड म्हणू लागले, की बाळारामचं दिवाळं निघालं.

कायद्याची वाट ठरलेली असते. आधी दोन महिन्यांच्या मुदतीची नोटीस, एक कर्जदाराला आणि एक तारण देणाऱ्याला, दोन्ही रजिस्टर पोस्टाने. मुदत संपली की घराच्या दारावर ताब्याची नोटीस चिकटवायची, पेपरात छापायची, मग लिलाव. ती नोटीस चिकटवायला मीच गेलो. भाऊंनी आमची गोंदाची बाटली हुंगून पाहिली, आत गेले आणि वाटीभर पिठाची खळ घेऊन आले. "तुमचा गोंद एका पावसात जाईल. ही लावा." कागद वाकडा लागला होता, तोही त्यांनीच काढून सरळ केला. मला लाज वाटली. त्यांच्या चेहऱ्यावर तसलं काही दिसलं नाही.

कुणा वकिलाने त्यांना दिवाळखोरीचा अर्ज करायला सुचवलं होतं. ते विचारायला शाखेत आले. मी सरळ सांगितलं, की दिवाळखोर ठरलात तर तुमची बाकीची देणी कदाचित सुटतील, पण तारण ठेवलेलं घर सुटत नाही, त्यावर बँकेचा हक्क तसाच राहतो. घर विकून कर्ज फिटलं आणि वर काही उरलं तर ते तुमचं.

"आन कमी पडलं तर?"

"तर वरशाचं घर."

ते टेबलाच्या कडेवर अंगठा फिरवत बसले. मग म्हणाले, "रंजूला काय ठाऊक नाय. माजं घर गेलं तर गेलं, साहेब. तिचं जाता कामा नये."

पहिल्या लिलावाला कुणीच बोली लावली नाही. जागा रस्त्यालगतची, विहिरीला बारमाही पाणी, तरी नाही. जागा बघायला माणसं यायची, घर बघायची, विहिरीत वाकायची आणि शेवटी शेडचं दार उघडायची. आत अकरा गणपती त्यांच्याकडेच बघत उभे. माणसं चपला काढायची, हात जोडायची आणि निघून जायची. घराबरोबर या देवांचं काय करायचं, हे विचारायचीही कुणाची छाती नव्हती. दुसऱ्या लिलावासाठी बँकेने किंमत उतरवली, तरी तेच. आमच्या मॅनेजरने मला हळूच विचारलं, की फाइलमध्ये या मूर्तींची नोंद कोणत्या रकान्यात करायची.

मी एका रविवारी आपण होऊन भाऊंकडे गेलो. माझ्या नोकरीला शोभणारं नव्हतं, तरी बोललो, "भाऊ, या मूर्ती आहेत तोवर तुमचं घर कुणी घेणार नाही. राहा खुशाल."

"आन किंमत?"

"दर वेळी उतरणार."

"म्हंजे मी इथं बसलो तर तिकडं वरशाला येनार तुमी."

 भाऊंनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्या हातात दिलं आणि माघी गणपती कधी आहे ते बघायला सांगितलं.

माघात त्यांनी शेडमध्ये अकराही मूर्तींची रीतसर पूजा केली. दीड दिवसाचे गणपती. आख्खं गाव आरतीला लोटलं, ज्यांनी दिवाळं निघालं म्हणून तोंड फिरवलं होतं तेही आले. रंजनाताई वरशाहून येऊन मोदक करत होत्या. त्यांना एवढंच सांगितलेलं, की भाऊ शेड रिकामी करतायत. दुसऱ्या दिवशी दुपारी भरतीच्या वेळी टेम्पोच्या अकरा फेऱ्या खाडीवर गेल्या. प्रत्येक फेरीला भाऊ टेम्पोबरोबर जाऊन चालत परत येत होते. शेवटची मूर्ती पाण्यात गेल्यावर मी त्यांच्या शेजारी उभा होतो. ते म्हणाले, "तीन वरसं उभे ठेवले बिचारे. सुटले." आणि धोतराला हात पुसत घराकडे वळले.

त्यानंतर जे त्यांनी केलं ते माझ्या नोकरीत मी दुसऱ्या कुणाला करताना पाहिलं नाही. लिलावात जाणारं घर माणूस ओरबाडून नेतो. दारं काढतात, पंखे काढतात, एकाने तर नळ काढून नेले होते. भाऊंनी कौलं परतून घेतली, भिंतींना चुना दिला, विहिरीचा गाळ काढला. मी विचारलं तर म्हणाले, "गिऱ्हाइकाच्या हातात देयाची वस्तू हाय ना?" तिसऱ्या लिलावात तिघांनी चढाओढीने बोली लावली. पेणच्या एका शिक्षक नवरा-बायकोला घर मिळालं. आलेल्या पैशांत बँकेचं सगळं फिटलं आणि वर उरलं त्यातून भाऊंनी रंगवाल्याची उधारी चुकती केली. वरशाच्या घराला हात लागला नाही.

ताबा द्यायच्या दिवशी मी पोलीस मागवले नव्हते. भाऊ ट्रंक आणि कुंचल्यांची पिशवी घेऊन पडवीत बसले होते. त्यांनी नव्या मालकीणबाईंच्या हातात किल्ली दिली. त्या अवघडून उभ्या होत्या. भाऊच म्हणाले, "मागच्या दाराचा रंग ओला हाय, हात लावू नका." बाई पाऊल जपून टाकत आत गेल्या. मी मुद्दाम मागे जाऊन दाराला बोट लावून पाहिलं. रंग खरोखरच ओला होता. सकाळीच दिला असणार.

भाऊ वरशाला बहिणीकडे राहायला गेले. सुटलेले कागद घरी आणून देऊ नका, असं त्यांनी मला बजावलं होतं. म्हणून मी ते धाटावला कंपनीच्या गेटवर, दुपारची शिफ्ट सुटल्यावर मोरेश्वरांच्या हातात दिले. त्यांनी ते डब्याच्या पिशवीत घातले. भाऊ त्याच्या पुढचे दोन गणपती वरशातच होते. बहिणीच्या ओटीवर पंधरा-वीस मूर्ती करायचे, आखणीच्या वेळी तिला शेजारी पाठवायचे. माझा पाट तिकडे जाऊ लागला. मला सोपं पडायचं, रोह्याहून चालत दहा मिनिटं.

यंदा पाट देऊन आलो आणि महिन्याभरात ते गेले. सकाळी चहा घेतला, माती मळायला बसले आणि तिथेच आडवे झाले. मी भेटायला गेलो तेव्हा रंजनाताईंनी ओटीवर रचलेल्या पाटांतून माझा काढला, पदराने पुसला आणि मला दिला. "फणसाचा तुमचाच ना? भाऊ सांगायचा."

थोडं बसलो. मग वाटलं, आता लपवायचं कुणासाठी? मी म्हटलं, "ताई, एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे. तुमचं हे घर..."

"ठाऊक हाय, साहेब," त्या म्हणाल्या. "लिलावाच्या आधीपासून ठाऊक हाय. तुमची नोटीस मीच घेतली पोस्टमनकडून. हे कंपनीत व्हते. पाकीट फोडून वाचलं, परत चिकटवलं आन यांच्या हातात दिलं."

पोस्टाची पोचपावती फाइलला मीच टाचली होती. सही आहे एवढं पाहिलं होतं, कुणाची ते पाहिलं नव्हतं.

"मग इतकी वर्षं भाऊंना एका शब्दाने बोलला नाहीत?"

त्यांनी उरलेले पाट एकावर एक नीट लावले.

"कसं बोलू? कुणी बघतंय असं समजलं का हात हालायचा त्याचा. मनून मी बघितलंच नाय."