बाबांच्या किडनीचा आलेख

वागळे इस्टेटमध्ये माझं ऑफिस आहे. कंपन्या आकड्यांचे ढीग पाठवतात, आम्ही ते एका नजरेत कळतील अशी चित्रं करून देतो. नव्या मुलींना मी पहिल्याच दिवशी बजावते, आलेखाची उभी पट्टी गरजेपेक्षा मोठ्या आकड्यापर्यंत ताणायची नाही. ताणली की चढणारी रेघसुद्धा आडवी दिसते आणि बघणारा फसतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

बाबांची किडनी हळूहळू निकामी होत होती. चार लॅबचे रिपोर्ट, प्रत्येकाची मांडणी वेगळी, सगळे साडीच्या दुकानाच्या पिशवीत कोंबलेले. कल्याणच्या डॉक्टरांनी सांगितलेलं, रक्तातलं क्रिएटिनिन असंच वाढत राहिलं तर डायलिसिस लागणार. त्यासाठी हातातली शीर धमनीला जोडायचं छोटं ऑपरेशन आधीच करून ठेवा, ती तयार व्हायला वेळ लागतो. बाबा म्हणाले, बघू. घरी आल्यावर पिशवी माझ्यापुढे ठेवली. तुझं कामच आहे ना ते, नीट मांडून दे, मग ठरवतो.

एका रविवारी मी मांडलं. क्रिएटिनिनची रेघ सरसर वर चढली. आई शेजारी मेथी निवडत बसलेली. तिचं जेवण आधीच सुटलेलं, रिपोर्ट आला की देवापुढे जाऊन बसायची. तिला हे कसं दाखवायचं? मी उभी पट्टी तिपटीने ताणली. रेघ आडवी झाली. वर तिला फिका हिरवा रंग दिला. काय अवदसा आठवली मला, देव जाणे. एकही आकडा खोटा नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

आई त्या दिवशी पोटभर जेवली. बाबांनी कागद फ्रिजवर चिकटवला आणि ऑपरेशन दिवाळीनंतर ढकललं. डॉक्टरांनी पुन्हा सुनावलं, तर बाबा घरी येऊन म्हणाले, डॉक्टर घाबरवतातच, रेघ बघ की. बोलायची वेळ तीच होती. मी चहा टाकायला उठले.

दिवाळीआधीच त्यांना धाप लागली, पाय सुजले. शीर तयार नव्हती, म्हणून मानेत नळी घालून डायलिसिस करावं लागलं. तिथे जंतुसंसर्ग झाला. अकरा दिवस आयसीयूत होते. जगले, पण घरी आले ते काठी टेकत.

बाबा कल्याणजवळ मोहन्याच्या कारखान्यात बॉयलरवर होते. दर तासाला काटा बघून आकडा लिहिण्यात त्यांची उमर गेली. घरी आल्यावर त्यांनी पिशवी मागवली, चौकटीची वही घेतली आणि पेन्सिलने सगळे रिपोर्ट स्वतः मांडले. रेघ पानाच्या वरच्या कडेला जाऊन भिडली.

"हे तुला दिसलेलं?"

मी हो म्हणाले. आईसाठी केलं, असंही म्हणाले. मला रडू आवरेना.

"काटा लाल खुणेकडे जायला लागला की आम्ही धावायचो गं. तू मला धावूच दिलं नाहीस."

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आता आठवड्यातून तीनदा मी त्यांना डायलिसिसला नेते. माझ्या हातून औषध घेतात, माझ्या खांद्यावर हात ठेवून जिना उतरतात. रिपोर्ट मात्र लॅबच्या खिडकीवरून स्वतः घेतात आणि घडी घालून खिशात ठेवतात. मी हात पुढे केला तर म्हणतात, "राहू दे, मी बघतो."