नीकाऊच्या विरीत बसलेली नात

परदेशी, फ्लॅट बुशला लेकीकडे तीन महिने राहिले. परतीला चार दिवस उरले तरी नात माझ्याशी धड बोलत नव्हती. सात वर्षांची इशा. मराठी सगळं कळतं, पण उत्तर "येस आजी", "नो आजी", की संपलं. म्हटलं, मॉल पुरे झाले, मला झाडं दाखवा. चार भिंतींत हे पोर काही उलगडायचं नाही.

लेकीने, स्मिताने, ताडामाडांची एक जुनी बाग शोधली. मोटरवेने तासभर. सकाळी लवकर निघा, नाहीतर गाड्यांत अडकाल. आत खायला मिळत नाही, डबा न्या. आम्ही थालीपिठं नेली.

दारातच ऑलिव्हची म्हातारी झाडं, खोडं पिळलेल्या धुण्यासारखी. पुढे लॅव्हेंडरचे ताटवे. कुणाला आवडो, मला साबणाच्या दुकानात उभं राहिल्यासारखं वाटलं. पण वळण घेतलं आणि माझी मान वर गेली. दोन्ही अंगांना उंच माड, कुणी जुन्या काळी हौसेने लावलेले, कुठल्या कुठल्या देशांतले. वर झावळ्या एकमेकींत मिसळलेल्या, खाली हिरवा उजेड, तळ्याच्या तळाशी चालावं तसा. मी श्रीवर्धनची, पोफळीत वाढलेली. घाई हा माझा जन्माचा रोग, पण तिथे पाय आपोआप हळू पडायला लागले.

वाटेत नीकाऊचं पान पडलं होतं. नीकाऊ म्हणजे तिथला रानातला माड. पानाच्या बुडाशी रुंद, वाकलेली विरी, थेट आमच्या पोफळीची! लहानपणी एकाने विरीत बसायचं, दुसऱ्याने झावळी धरून ओढायचं. इशाला म्हटलं, "बस गो."

"आई, काहीतरीच! इथे चालत नाही असलं," स्मिता म्हणाली.

"तुला विचारलंय कुणी? तू स्वतः विरीतून उतरायचं नाव घेत नव्हतीस."

इशा बसली. मी ओढली. तेवढ्यात मागून बाग सांभाळणारी एक पांढऱ्या केसांची बाई धावत आली. म्हटलं, आता बोलणी खायची. ती "कीया ओरा" असा तिथला नमस्कार करून हसली आणि इंग्रजीत काहीतरी बोलली.

स्मिताने सांगितलं, "त्या म्हणतात, उतारावर न्या. लहानपणी त्याही ह्यावरूनच घसरायच्या."

उतारावर इशा किंचाळली, "आजी, अजून! जोरात ओढ!"

मराठीत. मला धाप लागली होती, पण थांबतेय कशाला!

घरी येऊन महिना झाला. बाग बघाच. लॅव्हेंडर सोडलंत तरी चालेल. गुडघा अजून दुखतो. काल गडी वाडीतल्या विऱ्या बंबाला गोळा करत होता. ओरडले, "ती रुंद आहे ती ठेव बाजूला!"

सुट्टीत इशा येणार आहे. फोनवर तिने स्वतःच विचारलं, "आजी, तुझ्याकडे उतार आहे?"

"नाही गो, वाडी सपाट आहे," म्हटलं. "पण ओढायला मी आहे."