पेन्सिलीनं वाढवलेला लोहमार्ग

प्रणिता गजभिये शिकागोच्या एका ग्रंथालयात जुने नकाशे दुरुस्त करायची. नागपूरहून शिकायला आली होती, ती तिथलीच होऊन राहिली. तिच्या टेबलावर यायचे ते बहुतेक रेल्वेचे नकाशे. सर्वांत जुन्यांत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत चार तुटक रेघा; पुढच्या पन्नास वर्षांत त्यांचं असं जाळं माजलेलं, की गावांची नावं वाचायला भिंग लागावं. घडीवर फाटलेल्या कागदाला मागून पातळ कागदी पट्टी खळीनं चिकटवायची आणि नकाशा वजनाखाली ठेवायचा. या कामानं तिचे अंगठे पार गेले होते. सकाळी चहाचा कप धरतानाही ठणकायचे.

गेल्या हिवाळ्यात विभागप्रमुख नीनानं सांगितलं, यापुढे नकाशे फक्त स्कॅन होतील, दुरुस्ती बंद. प्रणिताला वाईट वाटायला हवं होतं. पण तिच्या मनात आधी झोपेचाच विचार आला.

शेवटचा नकाशा खिशात मावेल असा, घडीचा होता. एका रेल्वे कंपनीनं छापलेला, स्वतःचा मार्ग तेवढा जाडजूड. नेब्रास्कात तो मार्ग संपत होता, आणि तिथून पुढे कुणीतरी पेन्सिलीनं रेघ ओढून एका ठिपक्यापर्यंत नेली होती. शेजारी हातानं गावाचं नाव. छापील नकाशात ते गाव नव्हतंच. प्रदर्शनाच्या पोस्टरवर हाच नकाशा जाणार होता, म्हणून नीना म्हणाली, ती खूण पुसून टाक.

देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरून भाजी घेऊन प्रणिता घरी आली. वडील गेल्यापासून आई, रमाबाई, तिच्याकडेच राहत होती. जेवताना तिनं आईला फोनवर त्या नकाशाचा फोटो दाखवला. रमाबाईंनी पेन्सिलीच्या रेघेवरून बोट फिरवलं.

"आमच्या गावालेही रेल्वेची मोजणी झाली होती. माणसं आली, दगड रोवून गेली. बाप म्हणे, पोरगी गाडीत बसून शाळेत जाईल."

"मग?"

"गाडी आलीच नाही. त्या दगडायवर आम्ही धुणं वाळू घालत होतो. चौथीपुढची शाळा लांब होती."

आईची शाळा का सुटली, हे प्रणितानं आजवर कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती नीनाला म्हणाली, "मी नाही पुसणार. कुणी तरी वाट पाहिली होती, ते त्या कागदावर राहू दे."

नीनानं चष्मा काढून डोळे चोळले. वाद घालायचं त्राण दोघींतही नव्हतं. पोस्टरवरची रेघ कॉम्प्युटरवर पुसली जाईल, मूळ कागदाला हात लावायचा नाही, असं ठरलं.

महिनाअखेरीस दुरुस्तीचं टेबल तिथून हलवलं गेलं. प्रणिताला वाचनकक्षात अर्ध्या दिवसाचं काम मिळालं. शेवटच्या संध्याकाळी तिनं ब्रश धुऊन पुसून ठेवले आणि घरी येऊन कोट न काढताच सोफ्यावर आडवी झाली. रमाबाईंनी तिच्या पायांतले बूट तेवढे काढले, तिला उठवलं नाही.