काळी दोन

१२ जून. गणपतीच्या कच्च्या मूर्तींना पॉलिश पेपर मारत होते. पेणला रामवाडीत आमचा घरचाच कारखाना. जून लागला की जेवणसुद्धा उभ्याउभ्या होतं. तेवढ्यात लेकीचा फोन आला. ती रोह्याला कंपनीत नोकरीला आहे. सकाळी तिने स्वतः रचलेली एक पियानोची धून पाठवली होती. संथ, कुणी एकटंच खिडकीत बसून गुणगुणावं तशी. मी हात धुऊन ती दोनदा ऐकली होती.

"आई, कशी वाटली?"

"चांगली हाय गो. पण वरातीत चालायची नाय."

ती खूप हसली. मग म्हणाली, "ज्यांच्या पियानोवर वाजवली ना, त्या बाई विचारत होत्या, मधली काळी दोन एकदाही कशी नाही लागली? मी म्हटलं, आमच्या घरच्या कीबोर्डवर ती मुकीच होती. मी पाणी सांडलं होतं, आईने धपाटा घातला होता. बोट अजून तिच्यावरून उडी मारतं."

"माल पडलाय सगळा, ठेवते," म्हणून मी फोन ठेवला.

पाणी तिने सांडलंच नव्हतं. ती तेव्हा सहावीत होती. गणपती आठ दिवसांवर आले होते, घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पितांबराच्या पिवळ्या रंगाची वाटी मी तिच्या कीबोर्डवर ठेवली आणि ती कलंडली. मी वरवर पुसून घेतलं. संध्याकाळी ती काळी पट्टी वाजेना तेव्हा तिच्या शेजारी पाण्याची बाटली दिसली. मला तेवढं पुरलं. वर मीच म्हणाले, "बाकीच्या वाजतात ना? त्या वाजव."

दुरुस्तीला देते, देते म्हणत राहिले. दिला नाही. उघडला असता तर रंग दिसला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळ्यावरून कीबोर्ड काढला, जुन्या साडीत बांधला आणि रोह्याची पहिली एसटी धरली. ती शिफ्टला निघायच्या आत तिच्या खोलीवर पोचले. ती चहा टाकत होती, तिला थांबवलं. स्क्रू काढले, काळी दोन उचलली आणि खाली वाळलेला पिवळा थर तिच्यासमोर धरला. पितांबर आमच्याकडे मीच रंगवते, तिला वेगळं सांगायची गरज नव्हती.

तरी सांगितलं.